शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातील फांद्या

पाळलेल्या शॅमेलिऑनला चढण्या-उतरण्यासाठी, ऊब घेण्यासाठी आणि झोपण्यासाठी पिंजऱ्यात बसवलेल्या खऱ्या झाडाच्या फांद्या व त्या निर्धोक करण्याची रीत. शॅमेलिऑनला मराठीत सरडगुहिरा म्हणतात. कुंपणावर बसून मान वरखाली करणारा, विणीच्या दिवसांत गळा लाल करणारा बागेतला सरडा तो हा नव्हे.

भारतात आढळणारा सरडगुहिरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला रानातून उचलून घरी आणणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. पाळले जातात ते परदेशी जातींचे : येमेन व सौदी अरेबियातला डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड आणि मादागास्करचा पँथर. हे दोन्ही साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुढचे सारे विवेचन अशा नोंदवलेल्या प्राण्यांपुरतेच आहे.

शॅमेलिऑनचा पाय म्हणजे चिमटा. पुढच्या पायाची तीन बोटे आतल्या बाजूला आणि दोन बाहेरच्या बाजूला जुळलेली असतात. मागच्या पायाची नेमकी उलटी. सपाट फळीवर हा चिमटा निरुपयोगी ठरतो. फांदी अशी हवी की बोटे तिला जवळजवळ पूर्ण वेढतील. मोठ्या नराला करंगळीपासून अंगठ्याइतक्या जाडीच्या फांद्या चालतात, पिल्लांना अगरबत्तीपासून पेन्सिलीपर्यंत. सगळ्या फांद्या एकाच जाडीच्या मात्र नसाव्यात. दुकानातल्या गोल गुळगुळीत दांड्यांचा दोष हाच : दिवसरात्र एकाच मापाची पकड राहिली की तळव्याच्या त्याच जागेवर दाब पडत राहतो. खऱ्या फांदीचे वेडेवाकडेपण इथे कामाला येते.

कोकणात खरी अडचण जाडीची नाही, चिकाची आहे. इथल्या परसातली बहुतेक लाडकी झाडे चिकाची : आंबा, काजू, फणस, चिकू, रातांबा (कोकम), करवंद, चाफा. आंब्याचा चीक ओठांना लागून भाजल्याचा अनुभव कोकणातल्या प्रत्येक पोराला असतो. काजू आणि बिब्बा हे आंब्याचेच भाऊबंद, त्यांचा चीक अधिक जहाल. शॅमेलिऑन पाण्याचे थेंब फांदीवरून व पानावरून चाटतो, भक्ष्य टिपताना त्याची चिकट जीभ सालीला लागते, आणि पापणीच्या शंकूसकट डोळे फुगवून तो ते सालीवर घासतो. त्यामुळे ताज्या चिकाची फांदी घरात आणू नये. आंब्याची किंवा फणसाची फांदी वर्षभर सुकून चीक पूर्ण आटला असेल तर वापरणारे आहेत. पेरू हाताशी असताना हा खटाटोप कशाला, हे मात्र कळत नाही.

काही झाडे सुकल्यावरही नकोत. कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) यांत हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्ये असतात. काजऱ्याच्या (कुचल्याच्या) बियांत स्ट्रिकनीन हे विष असते आणि बाकीचे झाडही विषारीच. रुई, शेर, निवडुंग, धोत्रा, सातवीण यांच्या वाटेला जाऊ नये. खाडीकाठच्या खाजणात हुरा नावाचे खारफुटीचे झाड असते. त्याचा दुधी चीक डोळ्यांत गेला तर काही काळ आंधळेपण येते. शिवाय खारफुटी तोडण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा खाजणाकडे कोयता घेऊन जाण्याचे कारणच उरत नाही.

उत्तम फांदी पेरूची. लाकूड टणक, चिवट, चीक नाही, बेचकी भरपूर आणि जाडी हळूहळू बदलणारी. तिची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. सुटलेले पापुद्रे हाताने काढून टाकावेत, बाकीची साल राहू द्यावी, कारण नखांना तीच धरता येते. पेरूच्या खालोखाल जास्वंद. तिच्या फांद्या बारीक आणि लवचिक असतात, पिल्लांना योग्य. व्हेल्ड जात जास्वंदीची पाने-फुले आवडीने खाते, म्हणून कुंडीतले जिवंत झाड पिंजऱ्यात ठेवणे आणखी बरे. जांभळाच्या फांद्याही वापरता येतात. माणगा बांबू सिंधुदुर्गात मुबलक मिळतो, पण त्याची पाठ निसरडी. त्यावर सुंभ घट्ट गुंडाळावे आणि सुटलेले काथ्याचे तंतू कात्रीने कापावेत, नाहीतर ते जिभेला चिकटतात.

झाड चांगले असले तरी ते कुठे वाढले हे विचारावे. हापूसच्या बागेत मोहोर येण्याच्या आधीपासून फळधारणेपर्यंत कीटकनाशकांच्या फवारण्या होतात, आणि कलमांच्या मधे लावलेल्या पेरूवर त्यांचा फवारा उडतोच. सुपारीच्या बागेत फळे कुजवणाऱ्या कोळे रोगासाठी पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, मारतात. बागेच्या बांधावरची फांदी घेण्यापेक्षा न फवारलेल्या परसातली घ्यावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगर भागात फांद्यांचे ढीग पडले होते. अशा ढिगातली फांदी फुकट मिळते, पण ती कोणत्या झाडाची हे पाने सुकण्याआधीच पाहून ठेवावे. नंतर सगळे लाकूड सारखे दिसते.

समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले लाकूड दिसायला सुंदर असते. मात्र त्यात मीठ मुरलेले असते, आणि लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्याच्या जातीच्या किड्यांनी पाडलेल्या बोगद्यांत ते साठून राहते. गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून रोज पाणी बदलावे. काही आठवडे लागतात. पाणी जिभेला खारट लागणे बंद झाले की मगच पुढचे काम.

फांदी आणल्यावर प्रथम अंगणातल्या दगडावर चांगली आपटावी. पोकळीत ओंबील (तांबड्या मुंग्या), वाळवी किंवा पैसा (वेटोळे करणारा बहुपायी किडा) असतो, तो बाहेर पडतो. मुंग्यांची लहानशी वसाहतही झोपलेल्या शॅमेलिऑनला चावून बेजार करते. मग ताठ ब्रशने, साबण न लावता, वाहत्या पाण्याखाली घासावी. पुस्तकी सल्ला ओव्हनचा असतो. तीन-चार फुटांची फांदी घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही आणि पुष्कळ घरांत ओव्हन नसतोही. न्हाणीच्या हंड्यात उकळते पाणी करून फांदीचे एकेक टोक बुडवावे आणि मधल्या भागावर तांब्याने ओतावे. नंतर एप्रिल-मेच्या कडक उन्हात आठ-दहा दिवस, रोज उलटसुलट करून, वाळवावी. ब्लीच वापरायचे असेल तर एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, त्यानंतर भरपूर धुणे आणि वास पूर्ण जाईपर्यंत ऊन. वॉर्निश, पॉलिश, रंग यांपैकी काहीही लावू नये. दिव्याच्या उष्णतेने त्यांचा वास पिंजऱ्यात भरतो. धारदार खुंट कानशीने गोल करावेत.

बसवण्यातला मोठा धोका म्हणजे फांदी गरकन फिरणे. तुटलेली फांदी दिसते, फिरणारी दिसत नाही. प्राण्याने पाय टाकला की ती वळते आणि तो खाली येतो. कॅल्शियम कमी पडून हाडे मऊ झालेल्या पिल्लाचा पाय अशा पडण्याने मोडू शकतो. फांदी पिंजऱ्याच्या दोन बाजूंमध्ये किंचित ताणून बसवावी. चौकट लाकडी असेल तर बाहेरून वायसर घालून स्क्रू मारावा. खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. जाळीला बांधायचे तर नायलॉनची टाय चालते, पण कापलेले टोक बाहेरच्या बाजूला असावे. शेवटी तळहाताने जोर देऊन, मग पिळून पाहावे. मोठ्या नराचे वजन साधारण शे-दोनशे ग्रॅम. हाताचा भार सोसणारी फांदी त्याला सहज पेलते.

ऊब घेण्याची फांदी आडवी असावी आणि दिव्यापासून वीस-तीस सेंटिमीटर खाली. शॅमेलिऑनला पाठ भाजत असल्याचे वेळेवर कळत नाही, त्यामुळे त्या फांदीवरून दिव्याच्या जाळीपर्यंत चढता येईल असा एकही फाटा ठेवू नये. अंतर मोजून थांबू नये, प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर धरावा. व्हेल्डसाठी तिथे तीस अंशांच्या आसपास तापमान पुरते.

कोकणातल्या पावसात फांदी टिकत नाही, हे आधीच धरून चालावे. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा फारसा उतरत नाही, त्यात पिंजऱ्यात पाण्याचा फवारा चालूच असतो. सालीखाली पांढरी बुरशी धरते, बेचक्यात काळी. अशा दिवसांत फवारा कमी करावा, छोटा पंखा लावून हवा खेळती ठेवावी आणि नखाने दाबून मऊ लागलेली फांदी लगेच बदलावी. बुरशी पुसून तीच परत बसवण्यात अर्थ नाही, मुळे लाकडात गेलेली असतात. बदली फांदी मात्र श्रावणात कापून वाळत नाही. म्हणून आगोटीच्या बेगमीत, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीत, सुकी मासळी आणि लाकूडफाटा भरताना, धुऊन वाळवलेल्या पाच-सहा पेरूच्या फांद्याही माळ्यावर टाकून ठेवतात. चुलीच्या वर नव्हे, तिथे काजळी धरते.