कापसाची बंडी आणि गोल चौकाचं गणित

एक बैलबंडी म्हणजे आठ मोटारी. रस्त्यावर कोणतं वाहन किती मोटारींएवढं धरायचं, याचा हा हिशेब; रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेतला. ट्रॅक्टर-ट्रॉली त्यात साडेचार मोटारींएवढी, दुचाकी अर्धी. दिवाळीनंतर हिंगणघाट किंवा वणीत जिनिंगकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली ज्यानं पाहिली, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

गोल चौक मात्र जन्मला परदेशातल्या मोठ्या शहरांत. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला १९०५ मध्ये, पॅरिसच्या विजयकमानीभोवती १९०७ मध्ये वाहनं एकाच दिशेनं फिरू लागली. पण बाहेरून शिरणारा थांबायला तयार नसेल तर गोल भरतो, आतल्याला बाहेर पडता येत नाही आणि सगळंच अडतं. यावर १९६६ मध्ये ब्रिटननं नियम केला: आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्या. गोल चौकाच्या इतिहासातली खरी क्रांती हीच, संगणकावर चौकाची नक्कल करून पाहणं नंतरचं. आपल्याकडच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांतही हेच आहे. पाळतं कोण, ते कोणत्याही तालुक्याच्या चौकात पाहावं.

भारतानं १९७६ च्या मानकात गोल चौकाची क्षमता काढायला जुनं ब्रिटिश सूत्र घेतलं. वाहनं एकमेकांत मिसळतात त्या पट्ट्याची लांबी-रुंदी त्यात धरली होती. नव्या नियमामुळे खुद्द ब्रिटनमध्ये ते मागं पडत होतं!

पुढच्या वाहनामागं चालक वेग कसा कमी-जास्त करतो, याचं प्रारूप जर्मनीत वीडेमान यांनी १९७४ मध्ये मांडलं. त्यावर व्हिसिम हे वाहतुकीची संगणकावर नक्कल करणारं सॉफ्टवेअर उभं राहिलं. जर्मन अवकाश संस्थेचं सुमो हे तसंच सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. पडद्यावरचं प्रत्येक वाहन क्षणोक्षणी ठरवतं: फट पुरेशी आहे की थांबू? पण ही प्रारूपं मुळात लेन पाळणाऱ्यांसाठी. ट्रॉली आणि काळीपिवळीच्या मधून घुसणारी दुचाकी त्यात बसेना. २००५ च्या सुमारास आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी लेन बाजूला ठेवून रस्ता सलग जागा म्हणून धरला, तेव्हा आपली सरमिसळ वाहतूक गणितात आली.

आता पुतळ्याभोवतीचा गोल लहान केला तर, काळीपिवळीचा थांबा तोंडावरून हलवला तर, बाजार समितीच्या ट्रॉल्या दुसऱ्या रस्त्यानं वळवल्या तर काय होईल, हे खोदकामाआधी पाहता येतं. अट एकच: वाहनांची मोजणी कापसाच्या सीझनमध्ये झाली पाहिजे. मे महिन्याच्या दुपारी मोजलेला चौक संगणकावर नेहमी मोकळाच दिसणार.