बहुविध लघुशेती

थोड्या जमिनीवर एकाच पिकाच्या भरवशावर न राहता धान्य, कडधान्य, भाजीपाला, फळझाडे, जनावरे, कोंबड्या, मासे किंवा मधमाश्या यांची सांगड घालणारी शेती. ‘लघु’ म्हणजे किती, हे देशागणिक बदलते. आंतरराष्ट्रीय आकडेवारीत बहुधा २ हेक्टरची मर्यादा धरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील सुमारे ८४ टक्के शेते या मर्यादेत बसतात. त्यांच्याकडे शेतजमीन जेमतेम १२ टक्के, पण जगातल्या अन्नातला त्यांचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे.

या पद्धतीचा पाया म्हणजे एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे खाद्य. पिकाचा कडबा जनावराला, जनावराचे शेण पिकाला. कडधान्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्याचा फायदा पुढच्या पिकालाही होतो. चीनमधील छिंगत्येन परिसरात भातखाचरांत मासे पाळतात. ते तण व किडे खातात आणि त्यांच्या विष्ठेचे खत होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००५ मध्ये या पद्धतीला कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. उत्पादन वाढते ते वेगळेच. विकत आणायच्या वस्तूंची यादी आखूड होते, आणि लहान शेतकऱ्याच्या हाती उरणारा पैसा पुष्कळदा तिथूनच येतो.

ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने मात्र पैसा किती येतो याइतकेच तो कधी येतो आणि कुठे जातो, हे महत्त्वाचे. एकाच नगदी पिकाचा पैसा वर्षातून एकदा हाती पडतो, तोवर उधारी. बहुविध शेतीत दूध-अंड्यांचे पैसे रोजचे, भाजीचे आठवड्याचे, धान्याचे हंगामाचे, आणि गोठ्यातले जनावर म्हणजे अडीनडीची ठेव. कामही वर्षभर विभागले जाते, त्यामुळे मजुरांना काढणीपुरताच रोजगार मिळतो असे होत नाही. जॉन मेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेला मुद्दा येथे लागू पडतो: लहान शेतकऱ्याच्या हाती आलेला वाढीव पैसा मोठ्या प्रमाणात आसपासच्याच वस्तू-सेवांवर खर्च होतो. अवजारे दुरुस्त करणारा, शिंपी, गवंडी, मालवाहू गाडीवाला या सगळ्यांना त्यातून काम मिळते.

याचा एक गाजलेला पुरावा कॅलिफोर्नियातला आहे. १९४० च्या दशकात मानवशास्त्रज्ञ वॉल्टर गोल्डश्मिट यांनी आर्विन आणि दिनुबा या गावांची तुलना केली. दोन्हीकडच्या शेतमालाचे एकूण मूल्य जवळपास सारखे होते. पण आर्विनभोवती मोठी शेते, तर दिनुबाभोवती लहान. दिनुबात ६२ व्यवसाय होते, आर्विनमध्ये ३५. किरकोळ विक्रीही दिनुबात ६१ टक्क्यांनी अधिक. आर्विन वयाने नवे गाव होते, तेव्हा सगळा फरक शेतांच्या आकाराने पडला असे म्हणता येणार नाही, हा पुढे घेतला गेलेला आक्षेप रास्त आहे. तरी शेतांच्या आकाराचा गावाच्या भरभराटीशी संबंध काय, हा या अभ्यासाने विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही.

लहान शेतांत एकरी उत्पादन अधिक असते, हे निरीक्षण अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये भारतीय आकडेवारीवरून चर्चेत आणले. घरातली माणसे मजुरीचा हिशेब न लावता राबतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण. त्यातच मेख आहे. जमिनीमागे उत्पादन अधिक, पण राबणाऱ्या माणसामागे ते कमीच असू शकते. आणि गोठा, परसबाग, कोंबड्या यांचे वाढलेले काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकांवर पडते, उत्पन्नात मात्र त्यांचे नाव लागत नाही.

हौसेने केलेले वैविध्य आणि नाइलाजाने केलेले वैविध्य यांतही फरक करावा लागतो. पोट भरत नाही म्हणून चार गोष्टी थोड्या थोड्या करणारे कुटुंब बाहेरून बहुविधच दिसते, पण विकायला त्याच्याकडे काही उरत नाही. विक्रीची अडचण तर सगळ्यांनाच: पाच प्रकारचा थोडा थोडा माल बाजारात नेण्याचा खर्च एकाच मालाच्या भरलेल्या गाडीपेक्षा किलोमागे जास्त पडतो. दूध संकलनासारखी सहकारी व्यवस्था, जवळचे शीतगृह आणि बारमाही रस्ता असेल तिथे हे गणित सुटते. पीकविमा, कर्ज आणि हमीभाव यांची रचना मात्र अनेक देशांत अजून एकेका पिकाभोवतीच उभी आहे, आणि मिश्र शेताला त्या अर्जांत बसवताना शेतकऱ्याला त्यातले एकच पीक लिहावे लागते.