रोटेटिंग डिटोनेशन इंजिन

रोटेटिंग डिटोनेशन इंजिन म्हणजे असं इंजिन ज्यात इंधन नेहमीसारखं शांतपणे जळत नाही, आवाजापेक्षा जास्त वेगाने पळणाऱ्या शॉकवेव्हला, म्हणजे दाबाच्या जोरदार लाटेला, चिकटूनच पेट घेतं. साध्या जेट इंजिनात ज्वलन होताना दाब थोडा कमीच होतो, इथे उलट वाढतो, म्हणून तेवढंच काम कमी इंधनात व्हायला हवं आणि या सगळ्या रिसर्चमागची खरी ओढ तीच आहे. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी ही कल्पना १९४० मध्येच मांडली होती.

रचना दिसायला सोपी. एकात एक दोन नळकांडी, मधल्या फटीत एका टोकाकडून इंधन आणि ऑक्सिजन सोडायचा, लाट गोल फिरत राहते. या गोल फटीचा व्यास १० सेंमी आणि लाटेचा वेग सेकंदाला २ किमी धरला तर सेकंदाला ६,००० च्या वर फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक फेरीनंतर ताजं मिश्रण भरायला एक मिलिसेकंदसुद्धा मिळत नाही. लाटेचा दाब इंधनाच्या छिद्रांत उलटा घुसू नये म्हणून छिद्रं बारीक ठेवून जोरात दाबाने इंधन ढकलावं लागतं आणि कमावलेला दाब तिथेच बराचसा खर्च होतो. माझ्या मते या इंजिनाचं भवितव्य ठरणार ते या छिद्रांवरच.

आधीचा प्रकार पल्स डिटोनेशनचा, त्यात नळी दरवेळी भरून पेटवायची. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मोहावीला त्यावर एक छोटं विमान काही सेकंद उडालं. जुलै २०२१ मध्ये जपानची अंतराळ संस्था जाक्साने फिरत्या लाटेचं इंजिन साउंडिंग रॉकेटवरून (थोडा वेळ वर जाऊन परत खाली येणारं प्रयोगाचं रॉकेट) अंतराळात चालवलं, आणि २०२३ मध्ये नासाने ३डी प्रिंट केलेलं इंजिन जमिनीवर २५१ सेकंद चालवून जवळपास २६ किलोन्यूटन थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, घेतला, हे खरंच मोठं काम आहे कारण एवढी उष्णता सोसणं सोपं नाही.

आता स्वच्छतेचं. कमी इंधन लागलं तर कार्बन डायऑक्साइड कमी, हायड्रोजन वापरला तर तो नाहीच. नायट्रोजन ऑक्साइड या प्रदूषण करणाऱ्या वायूंचं मात्र सरळ नाही, तापमान जास्त म्हणून ते वाढू शकतात, पण वायू तिथे फार थोडा वेळ थांबतो म्हणून कमीही होऊ शकतात, त्यामुळे प्रत्येक डिझाइनमध्ये मोजूनच बघावं लागतं. शुद्ध ऑक्सिजनवरच्या रॉकेटमध्ये हवेतला नायट्रोजनच नसतो म्हणून हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. विमानासाठी अजून एक अडचण, मागच्या टर्बाइनला (गरम वायूने फिरणारं पात्यांचं चक्र) एकसारखा प्रवाह लागतो आणि इथून येतात ते सेकंदाला हजारो धक्के.