एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर अमेरिकेला निघताना: आधी कागदांची फाइल, मग लाडवांचा डबा

रात्रीचा दीड वाजलेला. मुंबई विमानतळाच्या काउंटरवर भाचीच्या हातातल्या बॅगेचं वजन ७ किलोच्या वर गेलं, म्हणून आम्ही सगळे फरशीवर बॅगा उघडून बसलो. जाकीट अंगात घातलं, चार्जर खिशात कोंबले आणि त्या गडबडीत कुणीतरी निळी फाइल उचलून मोठ्या बॅगेत सरकवली. बॅग पट्ट्यावर चढणार तेवढ्यात भाऊजी ओरडले, "अरे, आय-२० त्यात आहे!"

ती फाइल बॅगेत गेली असती तर काय झालं असतं? अमेरिकेत पहिल्या विमानतळावर आधी इमिग्रेशनची खिडकी येते, बॅगा मिळतात त्यानंतर. अधिकाऱ्याने आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा अधिकृत फॉर्म, मागितला आणि तो हातात नसला, तर आत बसवून चौकशी होते. फार तर आय-५१५ए नावाचा फॉर्म देऊन ३० दिवसांची मुदत मिळते, पण तीही अधिकाऱ्याची मर्जी. म्हणून कपड्यांआधी फाइल भरा आणि ती पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा.

पात्रता आणि आय-२०

एफ-१ साठी चार गोष्टी लागतात. सेव्हिस यंत्रणेत (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंद) मान्यता असलेल्या संस्थेत पूर्णवेळ प्रवेश, त्या अभ्यासक्रमापुरतं इंग्रजी, खर्चाची सोय, आणि शिक्षण संपल्यावर परतण्याचा इरादा. प्रवेश पक्का झाला आणि पैशांचे पुरावे दिले की विद्यापीठाचा नेमलेला अधिकारी (सगळे त्याला डीएसओ म्हणतात) आय-२० पाठवतो. आता तो बहुतेक ठिकाणी पीडीएफमध्येच येतो. छापून पहिल्या पानावर सही करायची, ती पेनानेच.

सही करण्याआधी नाव तपासा. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळा, आणि स्वतःच्या नावाच्या रकान्यात बहुतेकांच्या पुढे वडिलांचंही नाव चिकटलेलं. आय-२० गुणपत्रिकेप्रमाणे नको, पासपोर्टप्रमाणे हवा. फरक दिसला तर डीएसओला मेल करून मुलाखतीआधीच दुरुस्त करून घ्या, मुलाखतीच्या दिवशी खिडकीवर समजावत बसू नका.

अर्जाचा क्रम

आय-२० वर सेव्हिस क्रमांक असतो. त्या क्रमांकावर ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क (आय-९०१) ऑनलाइन भरायचं आणि पावती छापून ठेवायची. मुलाखतीच्या किमान तीन दिवस आधी भरलेलं बरं. मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, व्हिसा शुल्क १८५ डॉलर, आणि ते परत मिळत नाही. या अर्जात मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांची खाती लिहावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती सार्वजनिक ठेवायलाही सांगितलं आहे. जुनं, विसरलेलं खातंही लिहा. लपवल्यासारखं दिसण्यापेक्षा ते परवडलं.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या अर्जदारांसाठी वकिलात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. बोटांचे ठसे आणि फोटोसाठी एक भेट, मुलाखतीसाठी दुसरी. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा बरोबर आलेल्या माणसाशी कुठे भेटायचं ते आधीच ठरवा.

पैशांच्या पुराव्यात लोक सातबारा आणि फ्लॅटचं मूल्यांकन भरभरून लावतात. माझ्या मते त्याचा उपयोग मर्यादित. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा आय-२० वरचा आकडा प्रत्यक्ष हाताशी आहे का, हे दिसायला हवं. कर्जाचं मंजुरीपत्र, मुदतठेवी, बँकेचा उतारा, पालकांची आयकर विवरणपत्रं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारखी मदत मिळाली असेल तर तिचं मंजुरीपत्र याच गठ्ठ्यात.

फाइलमध्ये काय

पासपोर्ट, सही केलेला आय-२०, सेव्हिसची पावती, प्रवेशपत्र, पैशांचे कागद, मूळ गुणपत्रिका आणि पदवी, विद्यापीठाने बंद पाकिटात दिलेली ट्रान्सक्रिप्ट (पाकीट फोडू नका), राहण्याचा पत्ता, डीएसओचा फोन नंबर. सगळ्याची एक प्रत घरी, एक मेलमध्ये.

लसीकरणाचा कागद मात्र महिनाभर आधी हाती घ्या. बहुतेक विद्यापीठं गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्ही लसींचे दोन डोस मागतात, आणि दोन डोसांत निदान २८ दिवस जावे लागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाही. लहानपणी सगळं टोचलंय म्हणून निर्धास्त राहिलेल्या मुलांची ऐनवेळी धावपळ होते ती इथेच. रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

पैसे न्यायचे तर परकी नोटा ३,००० डॉलरपर्यंत, बाकी फॉरेक्स कार्डावर. अमेरिकेत शिरताना रोख आणि तत्सम रक्कम १०,००० डॉलरच्या वर असेल तर जाहीर करावी लागते.

डब्यातलं काय चालतं

आईचा जीव यातच अडकलेला असतो, म्हणून जरा सविस्तर. तांदूळ, हरभरे, छोले, सोयाबीन नेऊ नका. कारण खापरा भुंगेरा, साठवलेल्या धान्यातली कीड. तिची अळी खाण्याविना फार काळ तग धरते. ती ज्या देशांत आढळते, त्यांत आपला देश आहे, आणि तिथून प्रवाशांच्या सामानात ही धान्यं न्यायला २०२१ पासून मनाई आहे. ताजा कढीपत्ता नाही, ताजी फळं-भाज्या नाहीत, पेरायचं बी नाही. मांस नाही, म्हणजे चिकनच्या चवीचं सूपही नाही. सुकट, सोडे या मांसबंदीत येत नाहीत, पण वास बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना लागेल, हे कोकणातल्यांना मी सांगायची गरज नाही. खोबऱ्याच्या वाट्या पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतात, त्या घरीच ठेवा. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी खसखशीला हात लावू नये, अमिरातीत तिच्यावर बंदी आहे.

गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, बाकरवडी सीलबंद आणि इंग्रजी लेबलसह सहसा जातात. शेवटचा शब्द अधिकाऱ्याचा. जे काही खाण्याचं आहे ते विचारल्यावर "हो, आहे" म्हणून सांगायचं. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात, दंड नाही. न सांगता सापडली तर पहिल्या खेपेलाच १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी तिथल्याच विमानतळावर होते.

मिक्सर नेऊ नका, तिकडची वीज १२० व्होल्टची. कुकर चेक-इन बॅगेत, आत मोजे भरून. पॉवरबँक मात्र नेहमी हातातल्या बॅगेतच.

पोहोचल्यावर

आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासूनच प्रवेश मिळतो, तिकीट त्या हिशोबाने काढा. खोलीवर पोहोचल्यावर दोन दिवसांत सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याच्या) संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद, उतरवा. त्यावर नाव पासपोर्टप्रमाणे आणि वर्ग एफ-१ आहे ना, ते पाहा. मग फाइल घेऊन आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. तिथे तुमची सेव्हिस नोंद चालू करतात, आणि ती अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत व्हावी लागते.