कोड एक, कंपन्या दोन : एअर इंडियाच्या विलीनीकरणाची पार्श्वभूमी

१२ नोव्हेंबर २०२४ला विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या फ्लाइट्सचे क्रमांक त्याच दिवसापासून बदलले. ‘यूके’ हा विस्ताराचा कोड जाऊन ‘एआय’ हा एअर इंडियाचा आला; यूके ९५५ची एआय २९५५ झाली. ज्यांनी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचे २००७चे विलीनीकरण पाहिले आहे, त्यांना या झटपटीचे अप्रूप वाटले असणार. तेव्हा एवढ्याच कामाला साडेतीन वर्षे लागली होती.

जुहूची धावपट्टी, टाटांच्या विमानांतल्या टपालाच्या थैल्या, महाराजा हे सर्वांना ठाऊक आहे. इथे महत्त्वाचे आहे ते १९५३. त्या वर्षीच्या कायद्याने आठ देशांतर्गत कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी मार्ग एअर इंडियाकडे राहिले. पुढची ५४ वर्षे दोन्ही सरकारीच, पण पगार, बढत्या, संघटना सगळे वेगळे. मुंबईत तर टर्मिनलही वेगळे : इंडियन एअरलाइन्सचे सांताक्रुझ, एअर इंडियाचे सहार.

२००५-०६मध्ये दोघींनी वेगवेगळ्या ऑर्डरी दिल्या : एअर इंडियाने ६८ बोइंग, इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस. एकूण १११ विमाने, तीही मुख्यतः कर्जावर. त्यानंतर २००७मध्ये दोघींना एकत्र करण्यात आले. आधी एकत्र करून मग गरज मोजली असती तर? हा प्रश्न त्या वेळीही विचारला जात होता. लेखापरीक्षकांनी २०११मध्ये कर्जावरच्या खरेदीवर आणि विलीनीकरणाच्या वेळेवर ताशेरे ओढले, तोवर व्याजाचे ओझे बसले होते.

खरा घोळ ‘विलीनीकरण’ या शब्दाचा आहे. कागदोपत्री ते २००७मध्येच झाले. ‘नॅसिल’ (नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड) नावाची एकत्रित कंपनी निघाली, जिचे नाव प्रवाशांच्या तोंडी कधी बसलेच नाही. पण एकत्रीकरण ही वेगळी गोष्ट. विमानावर एअर इंडिया रंगवलेले आणि हातातल्या तिकिटावर मात्र आयसी, हा इंडियन एअरलाइन्सचा कोड! तो फेब्रुवारी २०११मध्ये गेला.

वैमानिकांची ज्येष्ठता यादी हे तर दुखणेच होते. २०११मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली, तिचा अहवाल जानेवारी २०१२मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात दुसरी बाजू, म्हणजे मूळच्या एअर इंडियाचे वैमानिक, संपावर गेली. नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही दिले, तर आपली कमांडरपदे लांबतील, ही त्यांची भीती. तो संप जवळजवळ दोन महिने चालला. संपकऱ्यांना हटवादी म्हणणे सोपे होते. पण पाच वर्षे यादीच तयार न करता दोन गटांना एका कॉकपिटकडे पाठवणारे वरचे लोकच माझ्या मते अधिक दोषी आहेत.

स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाचे निमंत्रण २००७ अखेरचे. एकत्रीकरण अपुरे म्हणून २०११मध्ये प्रक्रिया थांबली, प्रवेश मिळाला जुलै २०१४मध्ये. २०१८मध्ये सरकारने कंपनीचा ७६ टक्के हिस्सा विकायला काढला, कोणी बोली लावली नाही. २०२१ची टाटांची बोली १८,००० कोटींची होती, त्यातले रोख फक्त २,७०० कोटी, बाकीचे कर्ज. २७ जानेवारी २०२२ला कंपनी टाटांकडे परतली. त्या दिवशी हजेरीपटावर बारा हजारांवर माणसे होती, आणि कोण मूळचा आयसीचा, कोण एआयचा, हे त्यांतल्या जुन्यांना अजून पाठ होते.