जीनोटाइप कोणाचा: विषाणूचा की पेशंटचा?

डायलिसिस काय असतं हे सांगत बसत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीत चार तास काढणाऱ्यांना आणि बाहेर बाकावर ताटकळणाऱ्या घरच्यांना ते पाठ आहे. माझं डोकं फिरतं ते हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या विषाणूचा रिपोर्ट आल्यावर विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाने: "रिपोर्टवर जीनोटाइप ३ आलाय, म्हणजे आनुवंशिक ना? मुलांचंही तपासू का?"

या रिपोर्टवरचा जीनोटाइपचा आकडा विषाणूच्या जातीचा असतो. अशा आठ जाती माहीत आहेत. भारतात ३ सर्वाधिक. ती आईवडिलांच्या जनुकांतून येत नाही, ज्या रक्तातून संसर्ग झाला त्यातून येते. उपचाराने विषाणू गेला की तीही गेली.

पेशंटचा स्वतःचा जीनोटाइप, म्हणजे त्याच्या जनुकांची घडण, निराळा; जन्मभर तोच. १९व्या गुणसूत्रावर आयएफएनएल३ हे जनुक आहे, जुनं नाव आयएल२८बी. त्याच्याजवळच्या एका जागी 'सीसी' जोडी (डीएनएचं 'सी' हे अक्षर दोन्ही प्रतींवर) असली की शरीर विषाणूला आपणहून हुसकावण्याची शक्यता वाढते, हे २००९ मध्ये समोर आलं. पण हुसकावायला तो आधी आत यावा लागतो! आत आल्यावर काय होणार, यात या जनुकाचा हात. आत येणार की नाही, ते डायलिसिस युनिट ठरवतं: दोन पेशंटमध्ये न बदललेले ग्लोव्हज, अनेकांना पुरवलेली हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) एकच व्हायल, न पुसलेली खुर्ची. म्हणून एकाच युनिटमध्ये लागोपाठ पेशंट पॉझिटिव्ह येऊ लागले आणि कुणी "त्यांची प्रतिकारशक्तीच कमी" म्हणालं, की मी ऐकून घेत नाही. तिथे तपासायची ती विषाणूची जनुकं. तीही नीट, सिक्वेन्सिंग करून, म्हणजे त्यांचा क्रम अक्षरन् अक्षर वाचून. सगळ्यांचा नुसता ३ आला तर आपल्याकडे त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण इथे ३च सर्वाधिक.

इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळात आयएल२८बी तपासण्यात अर्थ होता. आता सोफोसबुविर-वेलपाटासविर हे विषाणूविरोधी औषध सगळ्या जातींवर चालतं, डायलिसिसवरही देता येतं. आयएल२८बीसाठी आज पैसे मोजायला लावणं मला पटत नाही.

हिपॅटायटिस बीचं थोडक्यात. लसीला शरीर किती दाद देतं यात एचएलए या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांचा वाटा आहे, पण त्यासाठी जनुकं तपासायची गरज नाही. डायलिसिसवाल्यांना डोस दुप्पट, म्हणजे साधारणपणे ४० मायक्रोग्रॅम लागतो. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेल्या अँटीबॉडी मोजणारी रक्ततपासणी) करा. आकडा १० mIU/mL च्या खाली आला तर पुन्हा लस, वर आला तर दरवर्षी तपासणी.