दोन मिनिटांचे स्टेशन: बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेची पार्श्वभूमी

नर्सिंगची पदवी देशात 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाली. पुढे प्रात्यक्षिकाचा जो साचा रूढ झाला तो जुन्या विद्यार्थिनींना पाठ आहे: सकाळी रुग्ण अलॉट, मग केअर प्लॅन, एखादी प्रोसिजर आणि इंटर्नल-एक्स्टर्नल परीक्षकांसमोर व्हायवा. एकीला ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी), सलाईन असलेला रुग्ण. दुसरीला उद्या घरी जाणारा. गुण मात्र एकाच पट्टीने.

हा नशिबाचा भाग काढायला स्कॉटलंडमधल्या डंडीत 1975 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ऑस्की (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) मांडली गेली. यात प्रत्येक स्टेशनवर एक ठरावीक काम असते आणि घंटा झाली की विद्यार्थी पुढच्या स्टेशनवर जातो. स्टेशने तीच, वेळ तेवढाच, चेकलिस्ट एकच. नावातल्या 'ऑब्जेक्टिव्ह'ला मराठीत 'वस्तुनिष्ठ' म्हटले की मुलांना चार पर्यायांचे प्रश्न आठवतात. इथे वस्तुनिष्ठ असते ती गुण देण्याची रीत.

जुलै 2021 च्या राजपत्रातल्या सुधारित अभ्यासक्रमाने सेमिस्टर आणले आणि ऑस्की परीक्षेत आली. विद्यापीठ प्रात्यक्षिकाच्या 50 गुणांपैकी 15 तिला, 35 डीओपीला, म्हणजे परीक्षकाच्या डोळ्यांदेखत केलेल्या प्रात्यक्षिकाला. आराखड्यात 5 स्टेशने, त्यांतले एक विश्रांतीचे. प्रत्येकी 2 मिनिटे, कौशल्यानुसार बदलाची मुभा.

घोडे अडते ते या 2 मिनिटांपाशी. साबणाने हात नीट धुवायलाच 40 ते 60 सेकंद लागतात, हँडरबने 20 ते 30. बीपी घ्यायचे तर कफ बांधा, नाडीवरून वरच्या (सिस्टॉलिक) दाबाचा अंदाज घ्या, त्यावर पाऱ्याचे 30 मिमी चढवा, मग सेकंदाला 2 ते 3 मिमीने उतरवा. 160 वरून 60 वर यायला 33 ते 50 सेकंद. ओळख, संमती आणि नोंद कुठे बसवायची? घंटेच्या धास्तीने कफची हवा सोडणारी झडप जास्त उघडली की सिस्टॉलिक कमी आणि खालचे, डायस्टॉलिक, जास्त वाचले जाते. ही चूक विद्यार्थिनीच्या नावावर चढते, घड्याळाच्या नाही.

यावरची पळवाट म्हणजे कृतीचे तुकडे करणे: 'इंजेक्शनची जागा दाखवा', 'हात धुतले असे समजा'. तोंडाने 'हात धुते' म्हटले की टिक. पण कॅथेटर घालताना खरी चूक दोन पायऱ्यांच्या मधे होते: निर्जंतुक ग्लोव्ह्ज घातलेला हात कॉटच्या कठड्याला लागतो आणि तोच पुढे कॅथेटर धरतो. तुकड्यांत हे दिसत नाही. त्यात दहा पायऱ्यांना प्रत्येकी एक गुण असेल, तर निर्जंतुकता मोडणे आणि रुग्णाला नमस्कार न करणे यांची किंमत सारखीच.

बचावाला हिशेब आहे, तोही खोटा नाही. 20 विद्यार्थी, 5 स्टेशने, म्हणजे 4 फेऱ्या: 2 मिनिटांनी 40 मिनिटे, 5 मिनिटांनी 100. फरक तासाभराचा, पण तितका वेळ चार स्टेशनांवर माणसे अडकतात आणि डीओपीला वॉर्डातही परीक्षक लागतात. तरीही मुभा नियमातच असताना 2 मिनिटांना चिकटून राहणे ही सोय आहे, सक्ती नव्हे. शिवाय डीओपी पुन्हा मिळेल त्या रुग्णावर, म्हणजे 35 गुणांपुरते नशीब मागच्या दाराने परत आलेच.

ब्रिटनने परदेशी नर्सेसच्या नोंदणीसाठी 2014 मध्ये ऑस्की आणली, ती 6 स्टेशनांची. 2021 मध्ये ती 10 झाली, आणि त्यांतली 4 एकाच रुग्णाच्या सलग शुश्रूषेवर बेतलेली आहेत: तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, फेरआढावा. इथून तिकडे जाणाऱ्या मुलींना कृती अखंड करून दाखवण्याचा सराव तेव्हा नव्याने करावा लागतो.